पांढरी चिंधी

सलीमभाई गेल्याचं मला त्यांच्या धाकट्या भावाने, हमीदने, फोनवर सांगितलं. "भाई गेला," एवढंच म्हणाला आणि पुढे नुसता वारा ऐकू येत राहिला... मी तेव्हा सड्याच्या कातळमाळावर, माझ्या विमानाच्या शेडपाशीच उभा होतो. काही दिवसांपूर्वी याच जागी इंजिनाचं झाकण लावून सलीमभाई दम लागला म्हणून रिकाम्या डब्यावर टेकले होते. म्हणाले, "शेट, जुना गेज फेकू नका. पन इंजिनात घालू बी नका." ते आमचं शेवटचं बोलणं. त्यांना काही जाणवलं होतं का, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

सलीमभाई बोर्ली पंचतनचे. उमेदीची वर्षं आखातात, एका फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये गेली. मी निवृत्तीनंतर जुनं दोन आसनी विमान घेतलं तेव्हा बायको म्हणाली, म्हातारपणी पंख फुटलेत तुम्हाला. सलीमभाई मात्र नुसते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीला यायला लागले. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. "मी खालचा मानूस. तुमी वर जा, मी हतं दुआ करतो." त्यांची एक रीत होती. इंजिनातून काढलेल्या प्रत्येक निकामी भागाला ते पांढरी चिंधी बांधत आणि शेडमधल्या फळीवर चांगल्या सुट्या भागांशेजारी ठेवत. "मयत हाय तो. मयताला कफन नको?" मी हसायचो, ते हसत नसत. आखातात कुणीतरी असाच एक काढलेला भाग चांगला समजून परत बसवला होता म्हणे. पुढे काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि त्यांचा चेहरा बघून मीही विचारलं नाही.

इंजिनातलं तेल किती आहे हे बघायची जी पातळ पट्टी असते, तिला मेकॅनिक गेज म्हणतात. तो गेज ज्या नळीत बसतो ती आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बुडाशी गंजून चिरली. तशी नळी मिळेना. शेवटी सलीमभाईंनी दुसऱ्याच एका इंजिनाची तेवढ्याच जाडीची नळी आणली, तापवून हवी तशी वाकवली, नवी पकड करून बसवली. बसली छान, पण जुन्या नळीपेक्षा आखूड. म्हणजे जुना गेज आता जास्त खोल जाणार आणि तेल कमी असलं तरी भरपूर दाखवणार. "ह्यो आता खोटं बोलनार," ते म्हणाले. मग सगळं तेल काढून, मापाने थोडं थोडं परत ओतत त्यांनी नवीन पट्टीवर कानशीने खुणा पाडल्या. जुन्या गेजला चिंधी बांधून तो शेडमधल्या खिळ्याला लटकवला.

सलीमभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर हमीद म्हणाला, "भाईची कबर एकदा वरून बघायची हाय." कबरस्तान समुद्राला लागूनच. मला नाही म्हणवेना. हमीद रेवदंड्याला मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मधल्या दिवसांत त्याने येऊन शेड आणि विमान लख्ख करून ठेवलं होतं, ते बघून मला भरून आलं. त्या सकाळी तो पट्टा बांधून आत बसलासुद्धा. मी झाकण उघडून गेज काढला. तेल काठोकाठ. पुसून पुन्हा बघितलं, तेच. परत घालणार, तोच गेजच्या कडीत अडकलेला एक पांढरा धागा दिसला. खाली बघितलं तर कानशीच्या खुणा नव्हत्या, कंपनीच्या होत्या... हा तर खिळ्यावरचा जुना गेज!

"हमीद, खाली उतर."

"का? भरलेला हाय ना?"

सलीमभाईंनी केलेला गेज हमीदच्या पेटीत निघाला. तात्पुरता केलेला समजून त्याने तो काढला होता आणि भाईच्या विमानाला अस्सल माल हवा म्हणून कंपनीचा घातला होता. खरा गेज नळीत उतरवला तर तेल सगळ्यात खालच्या खुणेलासुद्धा लागलं नव्हतं. विमान उभं असताना ते नळीच्या सांध्यातून झिरपलं असणार. जमिनीवर डाग होता, हमीद म्हणाला. त्याने तो घासून काढला होता.

"आणि चिंधी रे?"

"भाईला सफेद कपड्यात ठेवून आलो, आनि हतं बगतो तर जिकडंतिकडं सफेद चिंद्या... बगवंना. सगल्या सोडून टाकल्या."

सगळ्या! मी शेडमध्ये गेलो. फळीवर नळ्या, प्लग, बोल्ट, सगळं पुसून चकचकीत, हारीने मांडलेलं. त्यातलं चालणारं कुठलं आणि मयत कुठलं, हे सांगणारा माणूस गेला. मला त्यांची इतकी आठवण आधी कधी आली नव्हती, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

हमीदने खिशातला रुमाल टराटरा फाडून जुन्या गेजला स्वतःच्या हाताने चिंधी बांधली. तो गेज पुन्हा त्या खिळ्यावर आहे. विमान तेव्हापासून उभंच आहे. मी अधूनमधून शेड उघडतो, डब्यावर बसतो, पण फळीला हात लावत नाही.