पिंजऱ्यातला उंदीर आणि आम्ही दोघी

प्लेगच्या त्या दिवसांत सुरतेत ज्याला त्याला आपलं गाव आठवत होतं. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही म्हणत. आमच्या ह्यांचे लूम, म्हणजे कापडाचे माग, बंद, पोरगी नुकतीच दुखण्यातून उठलेली, जाणार कुठे? आणि नेमकं तेव्हाच बांनी खोली सोडायला सांगितलेलं.

बा म्हणजे आमच्या घरमालकीण. खोली देतानाच बजावलं होतं, मटण नाही, मासळी नाही, अंडंसुद्धा नाही. पण डॉक्टर म्हणाले पोरीला अंडं द्या. मी लपून उकडलं आणि टरफलं बांना मोरीत सापडली. "रविवार सुधी खोली खाली करो!" म्हणजे रविवारच्या आत निघायचं. झालं, संपलं.

बा उंदीरसुद्धा मारत नसत हो. पिंजऱ्यात धरायचा, भाकरीचा तुकडा घालायचा आणि खाडीवर नेऊन सोडायचा. तिथून तो पलीकडच्या झोपड्यांत शिरला तर शिरो.

त्या सकाळी पिंजऱ्यात उंदीर सापडला. सोडावा तर लोक अंगावर येतील, ठेवावा तर प्लेग. बांनी पदर नाकाला बांधलेला.

"बेन, तू बुडव एने. तुम्ही लोक तर खाता."

"बा, उंदीर नाही खात आम्ही!"

"पण कापता तर ना?"

"खाटीक कापतो. कोंबडी कापायची म्हटलं की मी घरात पळते."

खरंच सांगते, रश्श्याचा भुरका मारणारी मी, जीव घ्यायची वेळ आली तर दोन पावलं मागे सरले. बांनाही मारायचा नव्हता, पण मेलेला हवा होता.

"खोलीचं राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "राहा तू. पण आ काम कर."

"एकटी नाही करणार. मला काही झालं तर पोरीला कोण बघेल? तुम्ही पण धरा."

"मने पाप लागशे!"

"मग अर्धं माझं."

आम्ही दोन बाजूंनी धरून पिंजरा पाण्याच्या पिंपात सोडला. जाळीला घट्ट धरलेले ते एवढेसे पंजे! बुडबुडे थांबेपर्यंत दोघींनी डोळे मिटले, पण हात काढला नाही.

रविवार गेला, आम्ही तिथंच राहिलो. पण पुढं कितीतरी दिवस ओट्यावर भेटलो की राम राम करायच्या आधी एकमेकींना विचारायचो, "ताप नाही ना आला?"