काडी किती बोटं उतरली?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या सासऱ्यांना विचारल्याशिवाय थंडी पडत नाही. चुकून पडलीच, तर ती थंडी नव्हे, नुसती हवा, असं त्यांचं म्हणणं. येडगावच्या धरणाच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. दीड एकर द्राक्षबाग, दोन म्हशी, सासूबाई, आणि विहिरीच्या कठड्यावर लोणच्याची एक जुनी काचेची बरणी. त्या बरणीत लोणचं नाही, खोबरेल तेल आहे. रात्रभर ती उघड्या आभाळाखाली राहते, मुंग्या लागू नयेत म्हणून तोंडावर वाटी पालथी. पहाटे सासरे उठतात, कानाला मफलर बांधतात, खराट्याची एक काडी मोडून घेतात आणि गोठलेल्या तेलात ती उभी दाबतात. काडी जितकी बोटं आत उतरेल तितकी त्या दिवसाची थंडी. चार बोटं उतरली तर थंडी नाही. दोन बोटं म्हणजे कान बांधा. एक बोट म्हणजे म्हशींच्या पाठीवर पोतं टाका. आणि काडी आत न जाता मोडली, तर द्राक्षाचे मणी तडकणार, बागेत शेकोट्या पेटवा. बोटं कमी तितकी थंडी जास्त, हे उलटं गणित बाहेरच्या माणसाला कळायला एक हिवाळा जातो. मला तीन गेले, कारण मी भूगोलाचा मास्तर आहे.

घोडेगावच्या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवतो. समभार रेषा, पश्चिमी विक्षोभ, उत्तरेकडून येणारे शीत वारे, सगळं फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवतो. अशा माणसाचा सासरा खोबरेल तेलात काडी खुपसतो, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं पचलं नव्हतं. एकदा मी त्यांना तापमापी आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली आणि देवघरात ठेवून दिली. तिथे ती अजून आहे आणि सणासुदीला तिला हळदकुंकू मिळतं. बरणी मात्र कठड्यावरच राहिली. "पावणं, पाऱ्याला काय कळतंय," ते मला समजावून म्हणाले, "पारा काचंत बसून थंडी बगतोय. तेल सोता गारठतंय." यावर भूगोलात उत्तर नाही, मी शोधून पाहिलं आहे.

गाव मात्र त्यांना मानायचं. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला ते डेअरीवर गेले की आधी दुधाची नव्हे, बोटांची चौकशी व्हायची. "तात्या, आज किती बोटं?" "दीड." एवढ्यावर वीस-पंचवीस घरचे बागायतदार पाणी कधी द्यायचं, धुरासाठी उसाचं पाचट ओलं करून ठेवायचं की नाही, ते ठरवायचे. तात्यांनी "पेटवा" म्हटलं की पेटवायचं, याला कोणी फाटे फोडले नव्हते. घरी दोन शब्दांवर तिसरा न बोलणारा हा माणूस डेअरीच्या पायरीवर मात्र अर्धा तास ऐसपैस बोलायचा. म्हशीच्या शिंगावरचं दव, कुत्रं कोणत्या कुशीवर निजलं, धरणावरून येणारा वारा ओला की सुका, सगळं पुराव्यानिशी. त्या अर्ध्या तासासाठी ते इस्त्रीची टोपी घालत. मी एकदा सासूबाईंना म्हणालो, दुधापेक्षा टोपीच जास्त जाते डेअरीवर. त्या म्हणाल्या, "मंग जाऊ द्या की. तेवडीच त्यांची शाळा."

त्यांना दोन मुली. थोरली माझ्या पदरात पडली, म्हणजे तिच्या मते मी तिच्या. धाकटी, माझी मेव्हणी, नवऱ्याबरोबर कॅनडात. त्या गावाचं नाव सासऱ्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ते त्याला 'पोरीचं गाव' म्हणतात. तिनेही जाताना बॅगेत खोबरेल तेलाची बरणी नेली होती, बापाच्या हट्टापायी. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. आपल्याकडे लोक फोनवर "कशी आहेस, जेवलीस का" म्हणतात. हे म्हणतात, "किती बोटं?" ती म्हणते, "मोडली, दादा." तिकडे पाच महिने काडी मोडलेलीच असते. मग ती अंश सांगते, वारा सांगते, उद्या बर्फाच्या सरी आहेत म्हणून सांगते. हे सगळं ऐकून घेतात, म्हणतात, "कान बांध," आणि फोन ठेवतात. सात वर्षांत मी या बापलेकींना हवेपलीकडे काही बोलताना ऐकलेलं नाही. सासऱ्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून माझ्या फोनमध्ये त्यांनी पोरीचं गाव घालायला लावलं होतं. मी वस्तीवर गेलो की एकदा तरी ते उघडून वाचून दाखवायचं, हा जावयाचा मान.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी, शिवरात्रीला आठवडा राहिला असताना, आम्ही दोघं नवराबायको वस्तीवर गेलो होतो. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते म्हणतात, आणि ती बहुधा सामान बांधत होती. बागेत द्राक्षं काढणीला आलेली, मण्यांत साखर उतरलेली. अशा वेळी पहाटेच्या थंडीने मणी तडकले किंवा गारा पडल्या की वर्षाची मेहनत वेलीवरच नासते. दुपारचा चहा झाला आणि मी ओट्यावर बसून सहज फोन उघडला. चष्मा घरात होता. सासुरवाडीत जावयाने म्हातारं दिसू नये, असा माझा नियम आहे, म्हणून तिथे मी चष्मा शक्यतो लावत नाही. डोळे बारीक करून वाचलं. उद्या पहाटे किमान ४. जोराचा वारा. बर्फाच्या सरी. चारच्या आधी एक बारीकशी आडवी रेघ होती, ती मी काचेवरचा ओरखडा समजलो. वर गावाचं नाव होतं, ते वाचायची मला गरजच नव्हती, कारण मी कुठे बसलोय हे मला माहीत होतं.

मी सासऱ्यांना हाक मारली आणि गंभीर आवाजात सगळं वाचून दाखवलं. 'बर्फाच्या सरी' हे यंत्राचं भाषांतर आहे, त्याला गारा म्हणायचंय, असा खुलासाही केला. हवामान बदलावर थोडं बोललो. सासरे खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "सकाळी काडी तीन बोटं गेल्ती, पावणं." मी म्हणालो, "मामा, तेल आजची थंडी सांगतं, उपग्रह उद्याची सांगतो." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्यांदा म्हणालो. मग मी चपला शोधू लागलो. "राहू द्या, मीच डेअरीवर जाऊन सगळ्यांना सांगतो. लोकांचं नुकसान व्हायला नको." हे ऐकल्यावर मात्र ते झटकन उठले आणि टोपी घातली. "तुमी नका येऊ. बसा. मी सांगतो."

मी मागोमाग गेलोच. श्रेय घ्यायला कोणी तरी हजर पाहिजे. डेअरीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्या पहाटं लई बेकार हाय. वारं, गारा, सगळंच. बागा झाका, शेकोट्या पेटवा." कोणीतरी विचारलं, "काडी मोडली काय तात्या?" "मोडली," ते म्हणाले. माझं नाव नाही, उपग्रहाचं नाव नाही. मला राग आला. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, तुझे वडील माझा अंदाज स्वतःच्या नावावर खपवतात. खोटं का सांगू, रात्री जेवणावरही मी जरा फुगून होतो. दोन पोळ्या कमी खाल्ल्या.

पहाटे अख्खी वस्ती उठली. बिबट्याच्या भीतीने तिघातिघांच्या टोळ्या करून लोक बागांत शिरले. ओल्या पाचटाचे ढीग पेटवले, तारांवर जुन्या साड्या बांधल्या. साड्या कमी पडल्या तेव्हा सासूबाईंनी पेटीतल्या चांगल्या पाच काढून दिल्या, त्यातली एक माझ्या लग्नातली होती. डोक्यावर घमेलं पालथं घालून मी दक्षतेने आभाळाकडे बघत उभा होतो, पहिली गार माझ्या घमेल्यावर वाजावी म्हणून. धूर एवढा झाला की शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागत होता. वाऱ्याने मात्र पानही हलेना. उजाडलं. धरणावरून लालबुंद सूर्य वर आला आणि सगळ्यांना घाम फुटला. कठड्यावरच्या बरणीत काडी साडेतीन बोटं उतरली. काळ्या तोंडाची माणसं एकेक करून आमच्या ओट्यापाशी जमली. त्यातला एक म्हणाला, "तात्या, बर्फ आळेफाट्यालाच उतारला का वो? यष्टी चुकली का काय त्याची?" सगळे खो खो हसले. सासऱ्यांनी टोपी काढून झटकली. "काडी चुकली बाबांनो," ते म्हणाले, "म्हातारी झाली काडी."

मी चहाचं निमित्त करून आत गेलो, चष्मा लावला आणि फोन उघडला. वर पोरीचं गाव होतं. आल्या दिवशी सासऱ्यांना वाचून दाखवायला उघडलं होतं, ते तिथेच राहिलं होतं. चारच्या आधीचा ओरखडा अजून चारच्या आधीच होता. मी तो नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही.

बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. ओट्यावर माणसं होती, घमेलं तिथेच पडलं होतं, तोंड तेवढं पाहिजे होतं. मी चहा प्यायलो. मग दुसरा प्यायलो. तोवर माणसं पांगली. दुपारच्या एसटीने आम्ही घोडेगावला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी मी आठवीला वाऱ्यांचे प्रकार शिकवले.

त्यानंतर 'बर्फवाले तात्या' हे नाव पडलं. गावात तसं प्रेमानेच म्हणत, पण बोटांची चौकशी बंद झाली. बागायतदार आपापल्या फोनमध्ये बघू लागले. फोन निम्म्या वेळा चुकतो, पण फोनला कोणी हसत नाही. यंदाच्या थंडीत आम्ही गेलो तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की डेअरीवर दूध आता सासूबाई नेतात. इस्त्रीची टोपी खुंटीला होती, तिच्यावर धूळ बसली होती. काडी मात्र ते रोज दाबत होते. दाबायची, बोटं मोजायची आणि कोणाला न सांगता काडी विहिरीत टाकून द्यायची.

टोपीवरची ती धूळ मला सोसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कठड्यापाशी बरणी पुसत होते, तिथे मी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. गावाचं नाव, चष्मा, ओरखडा, दोन कप चहा. माझा आवाज विद्यार्थ्यासारखा झाला होता. त्यांनी वाटी नीट पालथी घातली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुमी चार म्हनला, त्ये उणे चार व्हतं. आदल्या सांजंला पोरीनं फोनवर त्येच सांगितल्यालं. वारं आन बर्फाच्या सरी. मी तवाच वळखलं."

"मग मला तिथंच का नाही म्हणालात?"

"जावयाला चुकीचा कसा म्हनू? आन तुमी निगाला व्हता डेअरीवर. धा जनांत जावयाचं हसं झालं, तर थोरलीला जलमभर ऐकावं लागंल. माझं काय, मला हसलं तर हसलं."

मी म्हणालो, आत्ता जातो आणि सगळ्यांना खरं सांगतो. त्यांनी माझा दंड धरला, चांगला घट्ट. डेअरीवर बोलणार नाही असा शब्द घेतला. शब्द मी पाळला आहे. पुस्तकात लिहिणार नाही असं काही ते म्हणाले नव्हते, आणि डेअरीच्या पायरीवर कोणी हे वाचून दाखवलं, तर माझी हरकत नाही.

"पण मामा," मी म्हणालो, "आपली एक शेकोटी पेटवली असती तरी माझी अब्रू राहिली असती. सगळ्या गावाला का उठवलंत?"

ते धरणाकडे वळले.

"धाकटी तिकडं गारठत व्हती, पावणं," ते म्हणाले. "तिला हितून काय करनार? तुमी ओट्यावर बसून तिचा बर्फ हितं पडनार म्हनला. म्हनलं, पडू दे. हितं पडला तर पेटवता तरी यील."

त्यांनी बरणीवरची वाटी उचलली आणि खराट्याची काडी माझ्या हातात दिली. बावीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा तेलात काडी दाबली आणि बोटं लावून मोजली. अडीच.

"बराबर," ते म्हणाले. "आन तिकडं?"

मी खिशातून चष्मा काढून लावला. फोन उघडला. वरचं गावाचं नाव दोनदा वाचलं. "उणे सहा," मी म्हणालो. "वारा आहे. उद्या बर्फाच्या सरी."

सासऱ्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या कानांवरचा मफलर आणखी घट्ट आवळला.