आक्काचं बिनपुरणाचं ताट

भाच्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात दोडका सोलत बसलो होतो. "मामा, आई गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. धारूरची आक्का, माझी थोरली बहीण. आठवड्यापूर्वीच भाऊबीजेला मला ओवाळून "शंभर वर्षं जग" म्हणाली होती. स्वतः मात्र घाई केली. दीड महिना झाला, अजून पटत नाही.

पूर्वी तिच्याकडची भाऊबीज म्हणजे पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया. मी उमापूरहून पोट रिकामं ठेवूनच निघायचो. आक्का दिवसभर चुलीपुढे आणि आम्ही पुरुष पाटावर. पंगत उठली की मी खुशाल आडवा व्हायचो; मागे बायका काय जेवतात हे बघायला कधी थांबलो नाही. मग एका वर्षी साखर इतकी वाढली की पायाचं बोट कापावं लागलं. पुढच्या खेपेला पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. खरं सांगायचं तर पायाइतकीच मला धास्ती होती ती पंगतीत माझ्या एकट्यापुढे येणाऱ्या वेगळ्या ताटाची. चारचौघांत आजारी म्हणून बसायचं... त्यापेक्षा जायचंच नाही, असं ठरवून मी आक्काला कळवलं.

"गुमान ये," ती म्हणाली. "न्हाई आलास तर समद्यांला घिऊन मीच येते तिकडं."

गेलो. ताटात ज्वारीची भाकरी, मूगडाळ घातलेला दोडका, वांग्याचं भरीत, आणि कणीक-शेपू मळून वाफवलेली शेपूची फळं. मी हळूच शेजारी डोकावलो. दाजींच्या ताटात तेच, नातवंडांच्याही तेच. विश्वास बसेना. पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन मी डबे उघडून पाहायला लागलो, तर मागे आक्का.

"काय हुडकायलास, बापू?"

"काही नाही... मीठ."

"मीठबी तुला कमीच हाय. बस जा."

"सणाला शेपू?" दाजी कुरकुरले.

"बापूचा पाय हाय नव्हं जाग्यावर? मग सणच हाय."

एवढा सगळा स्वयंपाक तासाभरात उरकला होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आक्का माझ्या शेजारी जेवायला बसली. नंतरच्या सगळ्या भाऊबीजा अशाच गेल्या. शेपूला नावं ठेवणारा मी लसणाची खमंग फोडणी दिलेली फळं मागून मागून खाऊ लागलो. गप्पा तर इतक्या, की हात ताटातच वाळायचे. माझा पाय अजून जागेवर आहे, तो तिच्यामुळे.

तेराव्याला नैवेद्यात पुरणपोळी दिसली. "आक्काला आवडायची?" मी तिच्या सुनेला विचारलं.

"लई. भाऊबीजंला तुमी गेलात की त्याच सांजंला करायच्या. तुमची यष्टी सुटस्तोर आत्याबाई आमाला डाळीला हात लावू देत नव्हत्या. मग तूप घालून दोन-दोन खायच्या."

तेराव्याच्या पंगतीत मी खो खो हसलो. लोक बघायला लागले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. फार जीव होता तिचा माझ्यावर. पुरणावरही होता.

मी निघालो की आक्का स्टँडवर सोडायला यायची आणि माझी गेवराईची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभी राहायची. "जा की आता घरी," मी खिडकीतून ओरडायचो. ती हसायची, पण जागची हलायची नाही... मी खरंच गेलो का, याची खात्री करून घेत होती बिचारी.