फोनात न मावणारं घर

लोणावळ्यात माझी उभी हयात गेली, पण दुसऱ्याच्या धंद्याची इतकी काळजी वाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमचे रिक्षावाले भाऊ स्टेशनबाहेर भाड्यासाठी उभे राहतात, असा लोकांचा समज होता. खरं म्हणजे ते तिथे परीक्षा घ्यायला उभे असत. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या फोनात डोकावायचं, त्यात कुठल्या हॉटेलची वेबसाइट आहे ते बघायचं, आणि ती धड दिसत नसेल तर संध्याकाळी त्या हॉटेलच्या मालकाला गाठायचं. एका हातात छत्री, खांद्याला पिशवी, अंगठा ओला. अशा उभ्या माणसाला पत्ता आणि नंबर सापडला तर धंदा पास, नाहीतर नापास. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा ते स्वतः छत्री उघडून, बाटलीतल्या पाण्यात अंगठा बुडवून एकेकाचं पान तपासत. जावयाने नवा फोन देऊ केला तो त्यांनी परत केला. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला, कोपऱ्यात तडकलेला आपला जुना फोन दाखवून म्हणाले, "चांगल्या फोनात काय, समदंच दिसतं. गिऱ्हाइकाचा फोन कसा आसंल, कुनाला म्हाईत?"

एकदा भाविकांना शिरगावला नेताना वाटेतल्या एका खाणावळीत ते ऐन जेवणाच्या गर्दीत शिरले आणि गल्ल्यावरच्या मालकाला म्हणाले, "दादा, तुमच्या थाळीची अक्षरं फोनात मुंगीएवढी हायेत. बोटानं मोठी केली तर निम्मी थाळी भायेर जाती." मालक म्हणाला, "अहो, आलात ना इथवर? मग जेवा की!" "मी आलो वो. वाचून वाचून कटाळून जे फुडं गेलं, त्येंचं काय?" भाऊ गप्प बसावेत म्हणून मालकाने त्यांच्यासमोर पापड ठेवला. त्यांनी पापड खाल्ला आणि मुद्दा पुढे चालू ठेवला. सख्ख्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडववाल्याला विचारत होते, "तुमाला फोन लावायचा तर कुटं दाबायचं?" तोवर अंतरपाट दूर झाला होता, आणि यांच्या अक्षता यांच्याच मुठीत.

आता माझ्याकडे वळते. वळायची इच्छा नाही, पण न वळून कसं चालेल. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी कोवळीच. आमचे हे गेल्यावर तुंगार्लीच्या चढावरच्या घरात मी एकटी उरले होते. पुण्याहून मुलाने बजावलं, "आई, या पावसाळ्यात खालच्या दोन खोल्यांना पाहुणे मिळाले, तर राहा तिथे. नाहीतर घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं." मुलाची ही अट मी रिक्षा स्टँडपर्यंत सगळ्यांना ऐकवली होती. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तिथे माझं काय होणार ते मला दिसत होतं. सकाळी खिडकीतून खालच्या गाड्या मोजायच्या, दुपारी त्याच पुन्हा मोजायच्या. म्हणून मी भाच्याकडून वेबसाइट करून घेतली. भोवती जाईची वेल, मध्ये पैठणी नेसलेली मी, आणि खाली पाच परिच्छेद. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवल्याचा सगळा सूड मी त्या परिच्छेदांवर उगवला होता. 'सह्याद्रीच्या कुशीत विसावलेलं' इथून निघालेलं वाक्य चौथ्या ओळीत कसंबसं क्रियापदाला पोचायचं. फोन नंबर एका चित्राच्या कोपऱ्यात, वळणदार अक्षरांत. मोठ्या संगणकावर ते सगळं राजवाड्यासारखं दिसे. फोनवर कसं दिसतं ते मी पाहिलंच नव्हतं. फोन बोलायला असतो, अशी माझी पक्की समजूत होती.

महिला मंडळाच्या बायकांना बोलावून मी त्या पानाचं दर्शन घडवत होते, तेव्हा भाऊ दारात येऊन उभे राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं. "बाई, तुमचं घर फोनात मावत न्हाई. निम्मी येल दिसती, निम्म्या तुमी दिसता. नंबर दाबाया गेलं का तुमचं नाक मोठं व्हतं." बायका हसल्या. मुलांना सौजन्याने बोलायला शिकवण्यात जन्म घालवलेली मी म्हणाले, "भाऊ, माझ्याकडे येणारी माणसं शिकलेली असतात. टेबलाशी बसून, विचार करून घर निवडतात. रिक्षावाल्याला वाचता यावं म्हणून हे पान केलेलं नाही." बायका पुन्हा हसल्या, या वेळी भाऊंना. ते "बरं, बाई," म्हणाले आणि पावसात निघून गेले. मी मोठ्या तोऱ्यात चहा ओतला. तो दुसरा हशा आजही मध्येच कानात वाजतो आणि या वयात माझे कान लाल होतात.

जून कोरडा गेला. म्हणजे पाऊस मुसळधार, पाहुणा एकही नाही. जुलैत मात्र माणसं यायला लागली आणि झाडून सगळी भाऊंच्या रिक्षातून. मी भाऊंना फाटकाशीच थांबवून विचारलं, "काय भाऊ, येतायत ना लोक वेबसाइट बघून?" "व्हय बाई. लय भारी लिवलंय तुमी," ते म्हणाले. मी इतकी फुगले की सहावा परिच्छेद लिहिला.

गणपतीच्या सुमारास दोन्ही खोल्या भरल्या, आणि मुलाने घर विकायचा विषय सोडला. त्या दिवसांत एक मुलगी राहायला आली होती. मी थालीपीठ लावत असताना म्हणाली, "आजी, तुमच्या रिक्षावाल्या काकांचं पाठांतर काय जबरदस्त आहे हो! तुमचं पान मला वाचताच येईना. मी दुसरीकडे खोली घेणारच होते. काकांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. सह्याद्रीच्या कुशीत इसावलेलं, अगदी शेवटपर्यंत. वर तुमचा नंबर पाठ होताच. मी विचारलं, बाई तुमच्या कोण? तर म्हणाले, कुनी न्हाई, पन त्येंचं घर जायला नको."

थालीपीठ तव्यावर काळं झालं.

त्याच आठवड्यात भाच्याला बोलावून सांगितलं, वेल काढ, मला काढ, परिच्छेद काढ. वर नंबर ठेव, दाबला की लागणारा. त्याखाली रस्त्याचा नकाशा आणि खोल्यांचे दोन फोटो. मग परीक्षेला भाऊंना बोलावलं. अंगणात भुरभुर पाऊस. त्यांनी छत्री सावरत ओल्या अंगठ्याने नंबर दाबला, आणि स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. "पास!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की शेजारचं कुत्रं उठलं. "आता पावनं सरळ तुमच्या फाटकाशी येतील. मला इचारायचं काम न्हाई!" त्यांच्या आनंदात मीही हसले.

झालंही तसंच. लोक नकाशा बघत आपापल्या गाड्यांनी थेट दारात यायला लागले. भाऊंचं तुंगार्लीचं भाडं बंद झालं, हे मला महिन्याभराने उमगलं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दारात निथळत उभा असलेला तो माणूस स्वतःची गिऱ्हाइकं कमी होतील अशीच गोष्ट मागत होता, आणि मी त्याला शिक्षण ऐकवत होते.

पुढे अधूनमधून ते रिकामी रिक्षा घेऊन चढ चढून येत. "सहज आलतो," म्हणत. मी दर वेळी ठरवायची की आज त्या दिवसाचं बोलायचं. वर्गावर्गांना क्षमापत्र लिहायला शिकवलेली बाई मी, चहात आलं जास्त घालून वेळ मारून न्यायची. मग भाऊंच्या गुडघ्यांनी दगा दिला. रिक्षा विकून ते गावी लेकीकडे राहायला निघाले, आणि निरोप घ्यायला पायी आले. फाटकाशी मी अखेर सुरुवात केली, "भाऊ, त्या दिवशी बायकांसमोर मी जे..."

"चढ लय झालाय आता, बाई," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

"झालाय खरा," मी म्हणाले.

ते गुडघ्यावर हात ठेवत उतरू लागले. मी फाटकाशी उभीच होते. हाक मारली असती तर वळणापर्यंत सहज ऐकू गेली असती, इतके सावकाश चालले होते.