पाठीला पोतं लागलेल्यांची लॉटरी

आमच्या मेहबूबला पाहायचं असेल तर उंद्री रस्त्यावरच्या सोयाबीनच्या गोदामापाशी या. डोक्याला हिरवा रुमाल, खांदे पुढे झुकलेले आणि आवाज असा, की तो असला म्हणजे ट्रकवाल्याला हॉर्न लागत नाही. हमालांच्या टोळीचा तो मुकादम. मी त्या गोदामात वजनकाट्यावर आयुष्य काढलं. आता घरी बसायचं, तर पाय तिकडेच वळतात. सून विचारते, "बाबा, तिथं काय ठेवलंय?" काय सांगू तिला! मेहबूब ठेवलाय ना तिथे.

एकदा एक व्यापारी त्याला म्हणाला, "म्हातारा झालास तू." मेहबूबनं पोतं उचललं, वर त्याच व्यापाऱ्याची पिशवी ठेवली, थप्पीच्या शेंड्यावर नेली आणि म्हणाला, "आता घ्या तुमच्या हातानं काढून." शेवटी शिडी मागवावी लागली. असा हा माणूस.

तर या टोळीची एक लॉटरी आहे. म्हणजे तिकीट सरकारीच. बाजाराच्या दिवशी सगळे थोडे थोडे पैसे काढतात, मेहबूब चिखलीला जाऊन तिकीट आणतो आणि ते विसाव्याच्या खोलीत, माठाच्या वरच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल असं टांगतो. तिकीट आणणाऱ्याला त्या दिवशीचा चहा टोळीकडून. आणि कायदा एकच : ज्याच्या पाठीला पोतं लागलं, त्याचाच वाटा. मीही एकदा मागून पाहिला.

"काका," मेहबूब म्हणाला, "तुमी काटा पाह्यला, पोतं कुठी उचललं?"

एवढी ओळख, पण नाही म्हणजे नाही! मला तर उलट मजाच वाटली. आजवर लागलं ते एकच बारीकसं बक्षीस. त्यातून खोलीत पंखा आला. तो फिरतो कमी आणि बोलतो जास्त.

यंदा सुगीच्या तोंडावर नवा मॅनेजर आला, राजकुमार. पोरगा शिकलेला, इस्त्रीतला. त्यानं वाटा मागितला. मेहबूबनं जे मला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं. मी हसलो होतो. तो लाल झाला. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यानं मेहबूबच्या हातातला गोदामात शिरायचा पास काढून आपल्या खिशात घातला.

"काऊन साहेब? म्या काय केलं?"

"जुगार चालवतोस गोदामात. लॉटरी चालवणं गुन्हा आहे. वरून कमिशन खातोस."

"कमिशन? म्या?"

"दर बाजाराला फुकट चहा पितोस की नाही? तेच कमिशन. टोळीसमोर माफी माग, हे बंद करतो म्हण. नाहीतर मुकादमी गेली, फाटकाबाहेर राहा."

सुगी तोंडावर, घरी लेकीचं, नाजिशचं, कॉलेज चालू, आणि या वयात दुसरीकडे कोण मुकादमी देणार? मला वाटलं, मागेल बिचारा माफी. पण मेहबूबनं रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला.

"गुन्हा असंल तर माफी तुमाले काऊन मागू? ठाण्यातच जातो ना! चला बे सगळे."

निघाली टोळी. चहावाला गोपाल किटली घेऊन टेम्पोत चढला. मी विचारलं, "तू कुठे?" तर म्हणे, "मुद्देमाल लागंल ना, काका!" मग मी तरी मागे कसा राहू?

ठाण्यात सुवर्णा मॅडम फौजदार होत्या. मेहबूब टेबलासमोर उभा राहिला. "मॅडम, मले अटक करा."

"का? काय केलंत?"

त्यानं सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "तिकीट कोणाचं?"

"सरकारचं."

"सोडत कोण काढतं?"

"सरकारच."

"बाहेरच्या लोकांना वाटे विकता? पैसे वर काढून ठेवता?"

"नाही. चहा पेतो."

"किती?"

"अर्धा कप. हा गोपाल कधी पुरा भरतच नाही."

"मॅडम, साखर महागली!" गोपाल मागून ओरडला.

मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, "स्वतःची तिकिटं छापून सोडत काढली असती, तर मीच तुम्हाला उचललं असतं. सरकारी तिकीट मिळून घेतलं, त्यात मला तरी गुन्हा दिसत नाही. फक्त वाटा कोणाकोणाचा ते आधी ठरवून ठेवा, बक्षीस लागल्यावर भांडत येऊ नका. आणि चहा सोडलात तर बरं, बोलायला जागा राहणार नाही."

"मॅडम, ते नाही जमणार," मेहबूब म्हणाला. "उनातानात बसमंधी उभा राहून तिकीट आणतो, ते या लोकायले ठाव हाये, म्हणून पाजतात. त्याले कमिशन म्हणणाऱ्यासाठी म्या काऊन सोडू?"

परत आलो तर ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत. मॅडमचं म्हणणं ऐकून राजकुमार म्हणाला, "पोलिसांचं पोलिसांपाशी. इथे माझं चालतं."

"चालवा मंग," मेहबूब म्हणाला आणि फाटकाबाहेर निंबाखाली बसला. टोळी त्याच्याभोवती बसली. गोपालनं किटली काढली. ड्रायव्हर शिव्या देऊ लागले. एक जण ओरडला, "मॅनेजर, तूच उचल ना बे!"

पोराचा पारा चढला. त्यानं बाह्या सरकवल्या, ट्रकपाशी पाठ लावली, ट्रकवरच्या क्लीनरनं पोतं सोडलं. बापा! गुडघे वाकले, इस्त्री गेली, पण गडी पडला नाही. लटपटत दारापर्यंत गेला आणि तिथे पोत्यासकट बसला.

मेहबूब उठला. मला वाटलं, आता याला चांगलं सुनावतो. पण त्यानं पोतं बाजूला केलं, राजकुमारच्या खिशातून आपला पास आपल्याच हातानं काढून घेतला आणि टोळीकडे वळून ओरडला :

"पाठीले पोतं लागलं बे याच्या! वाटा द्या याले!"

काय हशा झाला! ड्रायव्हरसुद्धा हसले. राजकुमार धापा टाकत म्हणाला, "आणि चहा?"

"चहा म्याच पेणार. तिकीट म्याच आणणार, इथंच टांगणार. अन् येत्या बाजारचा चहा तुमच्याकडून, साहेब."

पोरगा मान खाली घालून हसला. बाजारच्या दिवशी त्यानं चहा पाजला, फाटकाच्या आत, सगळ्यांदेखत. आणि गोपालला दम भरून कप काठोकाठ भरायला लावला. मला मात्र अजून वाटा नाही. काल मी विचारलं, छोटं पोतं चालेल का? मेहबूब म्हणतो, "काका, कायदा म्हणजे कायदा."