दुर्बिणीला घातलेली अंघोळ

"सर, पाणी नको. हळद-कुंकू दुर्बिणीच्या पेटीला लावा," मी म्हणाले.

"अहो बाई, पळीभर पाण्यानं काय होतंय? कोरडी पूजा करतात का कुठे?" प्राचार्य म्हणाले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. दसऱ्याला तिथे प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा होई. त्या वर्षी मायक्रोस्कोपशेजारी नवी दुर्बीण होती, आठ बाय चाळीसची. तुम्ही दोघं भाचरं लांबून फोनवर विचारता ना, पक्षी बघायला कोणती घ्यावी? बहुतेक पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात अशीच असते. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. चाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वीसपटीची हातात थरथरते, पक्षी सापडतच नाही.

ती मागवली होती सुनंदासाठी. चांदवडकडची मुलगी, एम.एस्सी.ला होती. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या बदकांवर तिला प्रोजेक्ट करायचा होता. मुलींनी पाण्याकाठी हिंडणं प्राचार्यांना पसंत नव्हतं. "पहिल्या फेरीत बदकं ओळखून दाखवा, नाहीतर विषय बदला," त्यांनी बजावलं होतं.

तर पूजेत त्यांनी दुर्बिणीवर पळी ओतलीच. फोकसच्या चाकाच्या फटीतून पाणी आत गेलं. मी वाळवायला मागितली, तर म्हणाले, "पूजेतली वस्तू लगेच खोलू नये." दुर्बीण ओलीच पेटीत गेली, पेटी कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

थंडी पडल्यावर, निघायच्या सकाळी ती आमच्या हातात आली. बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सुनंदानं दुर्बीण लावली.

"मॅडम, धुकं लय हाय."

मी पाहिलं. धुकं आत होतं. भिंगावर बुरशीचं पांढरं जाळं धरलं होतं. समोर पाणी बदकांनी भरलेलं, आणि आम्हाला नुसते ठिपके.

"काय बाई, ओळखली का बदकं?" कॉलेजात परतल्यावर प्राचार्यांनी विचारलं.

"आत पाणी गेलंय सर. पूजेचं."

"देवाला कशाला मध्ये आणता? दुर्बीणच हलकी निवडलीत तुम्ही."

सुनंदाला प्रोजेक्टसाठी झुरळाची पचनसंस्था मिळाली. तिनं ती वर्षभर मुकाट्यानं केली आणि पुन्हा बदकांचं नाव काढलं नाही. दुर्बिणीला मात्र पुढच्या दसऱ्याला झेंडूचा हार मिळाला, त्याच्या पुढच्यालाही.

तुम्ही आठ बाय चाळीसची किंवा बेचाळीसची घ्या. तिकडे पाऊस असो नसो, वॉटरप्रूफच घ्या. पाणी आभाळातूनच पडतं असं नाही.