जीपमधली पुढची जागा

भालेराव भाऊ एखाद्या टाकलेल्या गाडीजवळ पोचले तरी कॅमेरा पिशवीतच ठेवत आणि आधी मालकाचं घर शोधत. गाडी गंजून रानात पडलेली असो, टपावर वेल चढलेला असो. विचारल्याशिवाय फोटो नाही. "आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाचा कुणी न विचारता फोटो काढला तर चालंल का?" असं ते म्हणत.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. ते मूळचे बीडकडचे. दिवसभर कोऱ्या गाड्यांवरचे बारीक ओरखडे शोधायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला मोटारसायकलवर मागे बसवून गावोगाव टाकून दिलेल्या गाड्या. "नव्या गाडीत काय बघायचंय? ती अजून कुठं गेलीच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

चऱ्होलीच्या पलीकडे एका शेताच्या कडेला चाकं नसलेली जीप दिसली. शेजारच्या घरातून एक आजी तरातरा बाहेर आल्या.

"भंगारवाला हाय का तू? न्हाई द्यायची!"

"भंगारवाला नाही, आजी. फोटो काढावा म्हणलं. तुम्ही नको म्हणलात तर जातो."

आजी निवळल्या. जीप त्यांच्या नवऱ्याची. ते चाकणच्या बाजाराला माणसं न्यायचे; त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. "जल्मभर गाडी दारात, पन मला म्होरं कंदी बसाया मिळालं न्हाई. म्होरं पाशिंजर. मी आपली मागं, कांद्याच्या पिशव्यांवर."

भाऊंनी जाम झालेलं दार जोर लावून उघडलं, सीटवर आपला रुमाल अंथरला आणि आजींना हात धरून पुढे बसवलं. त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ बसून समोर बघितलं. भाऊंनी एकच फोटो काढला.

काही महिन्यांनी फोटो द्यायला गेलो तेव्हा जमीन बिल्डरकडे गेली होती. घर नव्हतं, जीपही नव्हती. भाऊ चार-पाच सुट्ट्या विचारत हिंडले. शेवटी आजी पुनावळ्यात मुलीच्या फ्लॅटवर सापडल्या.

"आता ती कुणाला ओळखत नाही," मुलगी म्हणाली.

आजींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग स्टेअरिंगमागच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "ह्ये कुठं गेल्यात?"

मुलीने तोंड फिरवलं. भाऊ आजींजवळ खाली बसले. "पॅसेंजर गोळा करायला गेलेत. तुम्हाला बसून राहा म्हणलेत."

आजी समाधानाने हसल्या.

दोन महिन्यांनी भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्यानंतर मी एकदा पुनावळ्याला गेलो. फोटो आजींच्या उशाशी होता.

"आलं का ह्ये?" त्यांनी मला विचारलं.

भाऊंसारखं काही सांगावं असं फार वाटलं. जमलं नाही. मी नुसता त्यांच्याजवळ बसून राहिलो.